आईनं सोडलेला कॅरम

श्रावण तोंडावर आला की माझं डोकं फिरायला लागतं. घरात सगळ्यांना ते ठाऊक आहे. शेजारीण दारात उभी राहून हौसेनं विचारते, “यंदा काय सोडताय मग?” आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. ती बिचारी भेंडी सोडणार असते. सोड बाई, भेंडीचं काय जातंय! पण मला विचारू नको. मी काहीही सोडत नाही. मी श्रावणात वांगी खाते, कांदा खाते, टीव्ही बघते, आणि कुणी तोंड वाकडं केलं तर त्याला समोर बसवून ही सगळी हकीकत ऐकवते. ऐकवून ऐकवून कंटाळा आला म्हणून आता लिहून काढते आहे.

आम्ही पाटोद्याचे. पेठेत अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, किराणा दुकान आणि दुकानाच्या मागं घर. मधे एक दार, त्याला पडदा. नव्वदीचं दशक अर्ध्यावर आलं होतं. दुकानात शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकायला लागल्या होत्या. थंड्याच्या बाटल्यांचा फ्रीज कंपनीनं फुकट आणून ठेवला होता. समोरच्या माडीवर डिशची छत्री बसली होती. गावात जे जे नवं येईल त्याचं अप्पांना भारी कौतुक. नवीन साबण आला की पहिली वडी आमच्या न्हाणीत. असा हा माणूस. जुनं काय ते फक्त बायकोसाठी राखून ठेवलं होतं.

आणि घरात कॅरम होता. तो आईचा. घरचा नाही, अप्पांचा नाही, आईचा; हे आधीच सांगून ठेवते. आईचं माहेर तेलगाव. तिचे वडील शाळामास्तर, तीन भावांच्या पाठची ही एकटी. भावांना चौथा गडी लागायचा म्हणून हिला कॅरमला बसवलं, आणि वर्षभरात तिघेही हिच्याविरुद्ध बसायला का-कू करायला लागले. हिच्या लग्नात मामानं तो कॅरम सरळ रुखवतात मांडला. लाडू, चिवडा, रंगीत शेवयांचा डोंगर, आणि शेजारी पावडर मारलेला कॅरम, मधोमध लाल राणी. आमच्याकडची वऱ्हाडातली माणसं हसून लोळली म्हणे. “बायकू आनली का गडी आनला बे?” असं कुणीतरी अप्पांना विचारलं होतं. अप्पाही तेव्हा हसले होते.

दुपारी एकच्या सुमाराला अप्पा जेवून दुकानातल्या पोत्यांवर आडवे व्हायचे. पेठ पेंगायला लागायची. मग आई भांडी आवरून, हात पुसून कॅरम काढायची. शेजारची कासारीण काकू, तिचं बांगड्यांचं दुकान, ती यायची. मी शाळेतून आलेली असायचे. दोन तास. दिवसाचे चोवीस तास असतात, त्यातले बावीस घराचे आणि दोन आईचे.

आई एरवी बोलायचीच नाही. ‘हूं’, ‘आनते’, ‘झालं’, एवढ्यावर तिचं दिवसभराचं भागायचं. पण कॅरमवर बसली की वेगळीच बाई. बांगड्या कोपरापर्यंत वर सारायची, एक गुडघा उभा करायची आणि तोंड सोडायची. माझा नेम चुकला की “अगं ए बये, डोळे हायत का बटनं?” कासारीण काकूची सोंगटी भोकाच्या तोंडाशी अडली की “घाल की, का तिला कुंकू लावून पाठवतीस?” कासारीण काकू हसून हसून पदर तोंडात कोंबायची, कारण पलीकडं अप्पा झोपलेले. मी तर त्या दोन तासांसाठी शाळेतून पळत यायचे. खरी आई मला तेव्हाच भेटायची.

सगळं बिघडलं ते एका टायमुळं. बीडहून शाम्पूच्या कंपनीचा एक सेल्समन महिन्यातून एकदा यायचा. पाटोद्याच्या उन्हात गळ्यात टाय! त्या दिवशी लाईट गेलेली, गिऱ्हाईक नाही, तो आणि अप्पा दुकानातच कॅरम घेऊन बसले. आईला विचारलं सुद्धा नाही. पडद्यातून हात घालून उचलून नेला. सेल्समन म्हणाला, आपण कॉलेजात चॅम्पियन होतो. होता खरा, अप्पांना त्यानं धुऊन काढलं. अप्पा हसत हसत म्हणाले, “मला काय हरवतूस, आमच्या घरातल्या बाईसंगं खेळून दाखव.” म्हणजे अभिमान होता बरं का! मी पडद्याआडून ऐकलंय ते. त्यांना तिचा अभिमान होता, आणि म्हणूनच मला पुढचं सगळं जास्त संतापाचं वाटतं.

आई डोक्यावर पदर घेऊन येऊन बसली, आणि टायवाल्याला तिनं तीन डावांत गार केलं. दुकानात तोवर पाचसहा माणसं जमली होती. टायवाला म्हणाला, “शेट, तुमाला बी हरवत असतील की वहिनी!” झालं. माणसं म्हणायला लागली, बसा शेट, बसा की. अप्पांना बसावंच लागलं. आई हरली असती तर हे लिहायची वेळच आली नसती. पण कॅरमवर तिला खोटं वागता येत नव्हतं. तिनं अप्पांना एकच सोंगटी घालू दिली, तीही दया म्हणून, आणि ती दया आहे हे अप्पांना कळलं. लोक टाळ्या पिटत होते. टायवाला म्हणाला, “शेट, दुकान बी वहिनींच्याच हातात देऊन टाका.” अप्पा हसले, पण कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या.

त्यानंतर तीनच आठवड्यांनी श्रावण लागला.

आमच्यात श्रावणभर घरी पोथी असते. चार कोसांवरच्या वाडीतून एक जंगम स्वामी सायकलवर यायचे, पाय धुऊन घ्यायचे, दूध प्यायचे आणि पोथी वाचायचे. पहिल्या दिवशी नेम. घरातल्या प्रत्येकानं महिनाभरासाठी आवडीचं एक काहीतरी सोडायचं, स्वामींसमोर हातावर पाणी घेऊन तसं बोलायचं आणि पाणी ताम्हणात सोडायचं. शेवटच्या दिवशी नेम उजवायचा, म्हणजे जी वस्तू सोडली ती स्वामींना दान द्यायची. साखर सोडली तर साखर, दही सोडलं तर गाडगंभर दही. दान दिलं की नेम पुरा झाला, मग ती वस्तू आपल्याला परत मोकळी. दान राहिलं तर नेम अर्धा पडला, वस्तू कायमची बंद. हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

त्या वर्षी अप्पांनी पहिलं पाणी सोडलं. म्हणाले, “थंडा सोडतो.” मी बघतच राहिले. त्या काळ्या पाण्यानं अप्पांना करपट ढेकर यायचे, ते कधी तोंडाला लावायचे नाहीत! मी बडीशेपेच्या रंगीत गोळ्या सोडल्या. मग आई. ती म्हणाली, “वांगं सोडते.” वांगं तिला खरंच आवडायचं.

अप्पा म्हणाले, “वांगं तर दरसाल सोडतीस. लई आवडतं ते सोडावं. देवाला फसवू न्हाई.”

अप्पा तिच्याकडं बघत होते आणि स्वतः नाव घेत नव्हते. स्वामी पोथीचं पान धरून थांबले होते. आणि मी, चौदा वर्षांची घोडी, अक्कल वाटाण्याएवढी, शाळेत उत्तर येतंय म्हणून हात वर करावा तशी बोलले, “आईला कॅरम लई आवडतो!”

आईनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, नुसतंच. मग हातावर पाणी घेतलं आणि म्हणाली, “कॅरम सोडला.”

तो महिना मला आठवला की अजून चीड येते. कॅरम दाराआड उभा, त्यावर जुनं लुगडं टाकलेलं. कासारीण काकू पहिले दोन दिवस सवयीनं आली, बसली, जांभया देऊन गेली. दुपारी आई डाळ निवडत बसायची. सुपातला खडा बोटानं टिचकी मारून उडवायची, आणि तो खडा बरोब्बर खोलीच्या कोपऱ्यात जायचा. एकदा माझ्या लक्षात आलं, मग मी रोज बघायला लागले. प्रत्येक खडा कोपऱ्यात. तिचं तिलाही ते कळत नसावं. पण ती खुशीत होती, हेही सांगितलं पाहिजे. नेम पाळतोय याची खुशी. अमावास्येच्या चार दिवस आधी मला म्हणाली, “पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बसायचं बघ. पावडर हाय का डबीत? नसली तर घिऊन ठेव.” मी पावडर आणून ठेवली. कासारीण काकूला निरोपही देऊन आले.

पोळ्याच्या दिवशी सकाळीच समाप्ती होती. दुकानात बैलांच्या झुली, घुंगरं, शिंगांचा रंग, गिऱ्हाइकांची ही गर्दी. अप्पांनी गडी गल्ल्यावर बसवून घाईघाईनं आत येऊन पाट मांडला. आधी त्यांचं दान. फ्रीजमधून थंड्याच्या दोन बाटल्या. एक स्वामींना तिथंच फोडून दिली. बिचाऱ्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ते तोंडाला लावलं, डोळ्यांत पाणी आलं, मोठा ढेकर आला. अप्पांनी रिकामी बाटली परत क्रेटमध्ये ठेवली. नेम उजवला! असा नेम मीही जन्मभर पाळीन.

मी गोळ्यांचा पुडा दिला. मग अप्पा आईला म्हणाले, “कॅरम आन.”

आईला वाटलं चेष्टा आहे. म्हणाली, “अवो, मी खेळायचं सोडलंतं.”

“कशावर खेळत हुतीस? हवेत? सोडलेली वस्तू दिल्याबिगर परत धरता येत न्हाई. तुला ठाव न्हाई व्हय?”

स्वामीच बिचारे कासावीस झाले. म्हणाले, “शेट, वांगं सोडलं तर वांगं द्यावं, ते बराबर हाय. पन ह्याचं मी काय करू? माज्याच्यानं खेळनं हुतंय का ह्या वयात?”

“काय बी करा स्वामी. नेम म्हंजे नेम. पुरा झाला पायजे.”

मी वाट बघत होते की आता आई बोलेल. कॅरमवर बसून जी जीभ चालते त्यातली एक टिचकी तरी मारेल. तिनं एवढंच विचारलं, अप्पांना नाही, स्वामींना, “हे दिल्यावर मला परत खेळता येतंय न्हवं?”

“येतंय की माय,” स्वामी म्हणाले. “सगळं दिलं की नेम उजवला. उद्यापास्नं खेळ.”

“खेळ की,” अप्पा म्हणाले. “कोन नको म्हनतंय?”

हे वाक्य मी अप्पांना कधी माफ केलं नाही. कोन नको म्हनतंय! फळी काढून घ्यायची आणि वर म्हणायचं खेळ. आई उठली, दाराआडून कॅरम आणला, पदरानं कडा पुसल्या. मला म्हणाली, “सोंगट्या भर पिशवीत.” मी सोंगट्या भरल्या. नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या, राणी. आणि स्ट्रायकर मी मुठीत दाबला आणि फ्रॉकच्या खिशात टाकला. हस्तिदंती रंगाचा जड स्ट्रायकर होता तो, तिच्या माहेरचा, मधे निळं चक्र. न्या फळी, न्या सोंगट्या, पण हे मी देणार नाही. बघू स्वामी कशानं खेळतात ते. खूप मोठी बाजी मारल्यासारखं वाटलं मला.

आईनं पिशवी हातात घेतली, तोंड उघडून आत बघितलं, आत हात घालून चाळवलं. मग माझ्याकडं, मग जमिनीकडं बघितलं. अप्पा ओरडले, “आटप, भाईर गिऱ्हाईक ताटकळलंय.” तिनं पिशवी दिली. स्वामींनी कॅरम सायकलच्या कॅरिअरला सुतळीनं बांधला आणि पेठेतून गेले. झुलींच्या गर्दीत तो चौकोन बराच लांबपर्यंत दिसत होता.

पुढचे कितीतरी दिवस आई काहीतरी शोधत होती. केरसुणीनं कपाटाखाली, पोत्यांच्या मागं, कणगीच्या बुडाशी. मला कळत होतं ती काय शोधते आहे. मला भरून यायचं. वाटायचं, हिला त्या कॅरमची एक तरी खूण हवी आहे. द्यायचा होता मी तिला स्ट्रायकर, देव शपथ. पण मी ठरवलं की नव्या कॅरमबरोबर द्यायचा, एकदम तिच्या हातात ठेवायचा. अप्पा म्हणाले होते ना, “दिवाळीला बीडहून नवा आनू.” दिवाळीला बीडहून रंगीत टीव्ही आला. पुड्यांचा धंदा जोरात होता. टीव्ही पेटीतून काढला तेव्हा अप्पा आईला म्हणाले, “आता दुपारी ह्ये बघ की, सगळा देश बघतोय.”

भाऊबीजेला तेलगावहून मामा आला. त्याला सगळं कळलेलं होतं. ताटाशी बसल्या बसल्या तो म्हणाला, “अगं, येत्या रविवारी नवी फळी घिऊन येतो. तुज्या नवऱ्याला मी सांगतो काय सांगायचं ते.” अप्पा समोरच होते, मान खाली घालून करंजी खात होते. आई म्हणाली, “नको रं. मला न्हाई खेळायचं आता.” माणूस समोरून द्यायला आलाय, आणि ही नको म्हणते! मामा गेल्यावर मी तिच्यावर तोंड टाकलं. “तुला जीभ हाय का न्हाई? इतकं कावून भ्यायचं त्यांना?” ती म्हणाली, “तुला न्हाई कळायचं.” मी म्हणाले, “मला सगळं कळतंय.” चौदाव्या वर्षी माणसाला सगळंच कळत असतं.

मी शिकायला बीडला गेले. खोलीवरच्या पोरींना मी ही गोष्ट सांगायचे. माझ्या बापानं माझ्या आईचा कॅरम दान करून टाकला, आणि माझी आई मूग गिळून बसली. पोरी हळहळायच्या. मी तावातावानं सांगायचे की मी असली बाई होणार नाही. सुट्टीत घरी आले की दुपारी आई टीव्हीसमोर बसलेली दिसायची, समोर सूप, आणि बोटाची टिचकी चालू. मला तिची कीव यायची आणि रागही यायचा. रागच जास्त. अप्पांशी तर मी जेवढ्यास तेवढं बोलायचे. त्यांना ते कळायचं, आणि त्यांनी एकदाही विचारलं नाही की का.

आठ वर्षं अशीच गेली. मला बीडला शाळेत नोकरी लागली. पहिला पगार हातात आला त्याच दिवशी दुकानात जाऊन मी कॅरम घेतला. चांगला, जाड कडांचा. एसटीच्या टपावर टाकून पाटोद्याला आणला. अप्पांनी दुकानातूनच बघितला आणि म्हणाले, “अरे वा. आता खेळ म्हना की आईला.” मी कॅरम उचलून तशीच आत गेले.

आईनं कॅरमवरून हात फिरवला. एकदा, दोनदा. कोपऱ्यातल्या जाळीत बोट घालून बघितलं. मग म्हणाली, “चांगला हाय. तूच खेळ पोरी. माजा हात बसत न्हाई आता.”

माझं डोकंच सटकलं. “आता तरी कुणाला भितीस? मी आनलाय, माज्या पैशानं आनलाय!” ती म्हणाली, “भ्यायचं न्हाई काय. न्हाई खेळायचं एवढंच.” मग मी म्हणाले, थांब. पिशवीतून माझा शाळेतला जुना कंपास काढला. ह्या क्षणासाठी मी आठ वर्षं तो जपला होता. उघडून स्ट्रायकर तिच्या तळहातावर ठेवला. “घे. तुजाच हाय. मी तवा जाऊ दिला न्हाई.”

मला वाटलं ती रडेल, मला जवळ घेईल. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

“ह्यो कुटं हुता?”

“माज्यापाशी. पिशवी भरताना मी लपवलता.”

“कावून?”

“अप्पाचा राग आलता म्हनून.”

आई खाली बसली. स्ट्रायकर मुठीत घट्ट. आणि मग जी बोलायला लागली! कॅरमवरचं तिचं तोंड मी आठ वर्षांनी ऐकत होते, पण त्यात चेष्टा नव्हती.

“अगं माजे आई! मी आठ वर्षं ह्यो शोधतीय. नेम अर्धा पडला माजा. सगळं दिलं तर उजवला, असं म्हनलं हुतं स्वामीनं, तुज्या म्होरं म्हनलं हुतं. मी पिशवीत बघितलं तर ह्यो न्हाई. मला वाटलं माज्या हातनं हरवला, माजीच चूक. कुनाला सांगू? तुज्या बापाला सांगितलं असतं तर म्हनला असता, मुद्दाम ठिवला. दर सोमवारी देवाला म्हनते, घावू दे, घावला की निऊन देते, मंग खेळते. मामा आला हुता न्हवं फळी आनतो म्हनून? मी काय तुज्या बापाला भिऊन नको म्हनलं? फळी काय, मी तुज्या बापाच्या छातीवर बसून खेळले असते! नेम पुरा न्हवता म्हनून न्हाई खेळले.”

मी म्हणाले, “आई, मी ल्हान हुते.”

“ल्हान हुतीस. मंग मोटी बी झालीस की. मी केरसुनी घिऊन वाकून वाकून बघत हुते, तवा बघत बसलीस. मला म्हनायचीस, तुला जीभ हाय का! तुज्या बापानं माजा एक महिना घेतला आन एक फळी घेतली. बाकीचं तू घेतलंस.”

अप्पा पडद्याशी येऊन उभे राहिले होते. तिनं त्यांच्याकडं बोट केलं आणि म्हणाली, “तुमी जावा दुकानात.” ते गेले. चोवीस वर्षांच्या संसारात तिनं त्यांना असं सांगितलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

पुढचे दोन दिवस माझं ताट मीच वाढून घेतलं. सोमवारी सकाळी एकटीच निघाली, मी न विचारता मागं निघाले. वाडीच्या फाट्यावर एसटीतून उतरून पाऊलवाटेनं चालत गेलो. ती पुढं, मी मागं. स्वामींच्या अंगणात पहिली दिसली ती आमचीच फळी. दोन विटांवर आडवी टाकून तिच्यावर कुणीतरी पापड वाळत घातले होते. पावसानं तिचा रंग गेला होता, एक कोपरा उचकटला होता. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी म्हणाले, “आई, बघ काय केलंय ह्यांनी!”

“तू गप,” आई म्हणाली. “दिलेली वस्तू हाय. त्यांची हाय.”

स्वामी थकले होते, दिसायचं कमी झालं होतं. आईनं त्यांचे पाय धुतले आणि स्ट्रायकर त्यांच्या हातात ठेवला. “स्वामी, नेमातलं एक राह्यलं हुतं.” त्यांनी तो बोटांनी चाचपला. काय आहे ते त्यांना कळलं असेल असं वाटत नाही. पण कपाळाला लावला आणि म्हणाले, “उजवला माय. जा.”

आई फाट्यापर्यंत जवळजवळ पळतच आली.

दुपारी तिनं नवा कॅरम घराच्या मधोमध मांडला. टीव्ही बंद केला. अप्पा पोत्यावर झोपले होते किंवा झोपल्यासारखं करत होते. कासारीण काकूला हाक मारली, ती आता गुडघे धरून चालायची, तरी लगबगीनं आली. पावडर पडली, सोंगट्या मांडल्या, मधे राणी. मी सवयीनं माझ्या बाजूला जाऊन बसले.

आई वर न बघता म्हणाली, “तू ऊठ.”

“कावून?”

“तू सोडलायस.”

“मी कवा सोडला?”

“आता. आठ वर्षांसाठी.”

कासारीण काकू खो खो हसली, तिला चेष्टा वाटली. आई हसली नाही. मला भयंकर राग आला. मी उठले आणि भिंतीला टेकून बसले. आठ म्हणजे आठ. नंतर तिनं त्यातला एक दिवसही कमी केला नाही.

आईनं बांगड्या कोपरापर्यंत वर सारल्या, एक गुडघा उभा केला आणि पहिला फटका मारला.